तीन गोळ्यांनंतरही न उतरणारा रक्तदाब

रक्तदाब उतरवणारी तीन वेगळ्या गटांतली औषधे चालू आहेत, त्यांतले एक लघवी वाढवणारे आहे, तिन्हींची मात्रा पुरेशी आहे, आणि तरीही आकडा १३०/८० च्या वरच राहतो, अशा रक्तदाबाला दुर्दम्य रक्तदाब म्हणतात. चार औषधे दिल्यावरच ताब्यात राहणारा रक्तदाबही याच वर्गात मोडतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१८ मध्ये ही व्याख्या पक्की केली. युरोपातले तज्ज्ञ १४०/९० ही रेघ धरतात, बाकी मतभेद फारसा नाही. भारतात या तीन औषधांची नावे बहुधा टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन अशी असतात, आणि ती पुष्कळदा एकाच गोळीत बसवलेली असतात. त्यामुळे ‘मला एकच तर गोळी आहे’ असे सांगणारा माणूस प्रत्यक्षात तीन औषधांवर असतो आणि त्याचा रक्तदाब दुर्दम्य आहे हे कोणाच्याच ध्यानात येत नाही.

उच्च रक्तदाबाच्या दहांतल्या नऊ रुग्णांत एकच एक असे कारण दाखवता येत नाही. आनुवंशिकता, वय, वजन, मीठ, बैठे काम अशा अनेक गोष्टी मिळून तो वाढलेला असतो. त्याला प्राथमिक रक्तदाब म्हणतात. उरलेल्यांत मात्र एखादे इंद्रिय, एखादी ग्रंथी किंवा एखादे औषध दाब वर ढकलत असते. हा दुय्यम रक्तदाब. सगळ्या रुग्णांत त्याचे प्रमाण थोडे, पण तीन गोळ्यांना दाद न देणाऱ्यांत बरेच मोठे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांत रक्तदाब वाढलेला आढळला. इतक्या मोठ्या संख्येतला लहानसा हिस्सासुद्धा प्रत्येक तालुक्यात शेकड्यांनी भरतो.

वडोदरा जिल्ह्यातले करजण हे असेच एक तालुक्याचे गाव. मुंबई-वडोदरा लोहमार्गावरचे मियागाम-करजण जंक्शन आणि शेजारून जाणारा राष्ट्रीय महामार्ग यांमुळे वडोदरा तीस-पस्तीस किलोमीटरवर. १९४९ पर्यंत हा मुलूख गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होता, आणि त्याच वर्षी वडोदऱ्याचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याला जोडलेले सर सयाजीराव जनरल रुग्णालय आजही आसपासच्या तालुक्यांतल्या लोकांचा मोठा आधार आहे. मात्र दुर्दम्य रक्तदाबाचा शोध थेट वडोदऱ्याच्या मोठ्या यंत्रांपासून सुरू करायचा नसतो. त्याची पहिली निम्मी वाट करजणमध्येच, रक्तदाबाच्या पट्ट्यापाशी आणि स्वयंपाकघरात चालून होते.

दुर्दम्य ठरवलेल्या रक्तदाबांपैकी बरेचसे मुळात दुर्दम्य नसतातच. खेड्यातून एसटीने आलेला माणूस उन्हातून चालत दवाखाना गाठतो, रांगेत उभा राहतो, मध्येच चहा-बिडी होते, आणि नंबर लागताच शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळला जातो. हात लोंबता, पाठ टेकलेली नाही, मूत्राशय भरलेले, तोंडाने बोलणे चालू. यांतली एकेक चूक आकडा पाच-दहाने वाढवू शकते. जाड दंडावर नेहमीच्या मापाचा पट्टा बसवला तरी आकडा खोटाच वर जातो. पाच मिनिटे गप्प बसून, पाठ टेकवून, उघडा दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजलेला रक्तदाब पुष्कळदा रुग्णाला चौथ्या गोळीपासून वाचवतो. काहींचा दाब डॉक्टर समोर दिसला की चढतो आणि घरी उतरतो. घरच्या यंत्रावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घेतलेली नोंद किंवा चोवीस तास दंडावर राहणारे यंत्र हा फरक उघड करते.

दुसरा प्रश्न गोळ्या पोटात जातात का, हा. युरोपात दुर्दम्य रक्तदाबाच्या रुग्णांची लघवी तपासून औषधांचे अंश शोधले गेले, तेव्हा काही ठिकाणी निम्म्याच्या आसपास रुग्ण सांगितलेली सगळी औषधे घेत नसल्याचे निघाले. भारतात कारणे वेगळी असतील, गोष्ट तीच. डोके दुखले की गोळी, उपवासाच्या दिवशी सुट्टी, आकडा बरा आला की बंद, महिनाअखेरीला पाकीट संपले तर पुढच्या बाजारापर्यंत वाट. गोळी घेत नाही म्हणून कोणी ओरडेल या भीतीने ‘रोज घेतो’ असे उत्तर येते, आणि त्या उत्तरावर विश्वासून डॉक्टर आणखी एक गोळी वाढवतात. न ओरडता विचारले तर खरे कळण्याची शक्यता जास्त.

तिसरा प्रश्न मिठाचा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, असे सांगते. भारतीय माणूस साधारण त्याच्या दुप्पट खातो. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम येथे २००९ मध्ये दुर्दम्य रक्तदाबाच्या अवघ्या बारा रुग्णांवर एक लहानसा अभ्यास झाला. आठवडाभर अगदी कमी मीठ दिल्यावर त्यांचा वरचा आकडा, जास्त मिठाच्या आठवड्याच्या तुलनेत, सरासरी जवळजवळ २३ ने खाली आला. एखाद्या गोळीने इतका उतार क्वचितच मिळतो. रुग्ण थोडे असले तरी निष्कर्ष विसरण्याजोगा नाही, कारण दुर्दम्य रक्तदाबाचा बहुतेक रुग्ण शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवणारा असतो.

करजणसारख्या ठिकाणी मीठ डब्यातल्या चमच्यापुरते मर्यादित नसते. गाठिया, फाफडा, पापड, खमण यांत मिठाखेरीज पापडखार किंवा खाण्याचा सोडा पडतो, आणि दोन्ही सोडियमचेच क्षार आहेत. ते जिभेला खारट लागत नाहीत, म्हणून हिशेबात येत नाहीत. लोणच्याचा खार आणि भाकरीबरोबरचा ठेचा मराठी घरातही आहेच. आंबट ढेकर आली की पाण्यात टाकायच्या फसफसणाऱ्या पाच ग्रॅमच्या पुडीत सुमारे ०.८ ग्रॅम सोडियम असते, म्हणजे दिवसभराच्या मर्यादेचा चाळीस टक्के वाटा एका घोटात. १९३० च्या मार्चमध्ये दांडीयात्रा करजणच्या पश्चिमेकडून, जंबुसर आणि आमोदवरून गेली. त्या काळी मिठाचा प्रश्न उन्हात घाम गाळणाऱ्या मजुराचा होता. आजचा रक्तदाबाचा रुग्ण बहुधा पंख्याखाली गल्ल्यावर बसलेला असतो, आणि त्याच्या घामावाटे जाणारे मीठ फारच थोडे.

एवढे सगळे तपासूनही दाब वरच राहिला, तर दुय्यम कारणांकडे वळायचे. त्यांतले सर्वांत स्वस्तात सापडणारे कारण म्हणजे रुग्णाच्या पिशवीतली दुसरी औषधे.

करजण तालुक्यात नर्मदेच्या उत्तर काठावर नारेश्वर आहे. मूळच्या कोकणातल्या वळामे घराण्यात १८९८ मध्ये जन्मलेल्या रंगावधूत महाराजांचे हे स्थान, आणि परिक्रमेला निघालेल्या मराठी मंडळींचा एक ओळखीचा मुक्काम. साठी ओलांडलेल्या परिक्रमावासीच्या झोळीत रक्तदाबाच्या गोळीशेजारी गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅक असणे नवलाचे नाही. ही वेदनाशामके मूत्रपिंडाला मीठ-पाणी बाहेर टाकू देत नाहीत आणि बहुतेक रक्तदाबाच्या गोळ्यांची धार बोथट करतात. टेल्मिसार्टनच्या गटातले औषध, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक ही त्रयी, त्यात उन्हातली चाल आणि कमी पाणी, असे जुळून आले तर प्रश्न रक्तदाबाचा उरत नाही. मूत्रपिंडच अचानक काम थांबवू शकते. दुखण्यासाठी साधे पॅरासिटामॉल त्या मानाने सौम्य, तेही ऊठसूट नव्हे, आणि विरघळणाऱ्या, फसफसणाऱ्या रूपात तर नकोच, कारण त्यातही सोडियम भरपूर असते.

सांधेदुखी आणि दम्यावर गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या याहून घातक. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखी स्टेरॉइड्स मिसळलेली असल्याचे भारतात वारंवार आढळले आहे. दोन दिवसांत दुखणे पळते, भूक लागते, चेहरा भरतो, लोक ‘तब्येत सुधारली’ म्हणतात. काही महिन्यांनी चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटते आणि हातपाय बारीक होतात, कातडी जराशा धक्क्याने काळीनिळी पडते, साखर आणि रक्तदाब दोन्ही चढतात. पुडी हे कारण आहे असे कळल्यावर ती एका दिवसात बंद करणेही धोक्याचे असते. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी निजलेली असते. ती जागी होईपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

मुळ्या-पुड्यांबद्दल सरसकट नाक मुरडण्याचे मात्र कारण नाही. आधुनिक वैद्यकाला रक्तदाबावरची जी पहिली चालणारी औषधे मिळाली, त्यांत सर्पगंधा होती. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचे रुग्णांवरचे अनुभव मांडले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. फरक इतकाच, की वकिलांना आपण काय देतो आणि किती देतो ते ठाऊक होते.

वनस्पतींत उलट दिशेने काम करणारी म्हणजे ज्येष्ठमध. खोकल्याच्या गोळ्यांत, काढ्यांत आणि गुजराती मुखवासात ती असते. तिच्यातला ग्लिसरायझिन हा घटक मूत्रपिंडातल्या एका एंझाइमला रोखतो. हे एंझाइम एरवी कॉर्टिसॉल या शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइडला निष्प्रभ करत असते. ते थंडावले की कॉर्टिसॉल मीठ साठवण्याचा हुकूम देऊ लागते, पोटॅशियम घसरते आणि रक्तदाब चढतो. डच डॉक्टर रेव्हर्स १९४० च्या दशकात ज्येष्ठमधाचा अर्क पोटातल्या व्रणावर देत होते; व्रण सुधारत, पण काही रुग्णांच्या अंगावर सूज येई आणि दाब वाढे, असे त्यांनी नोंदवून ठेवले. जेवणानंतरच्या चिमूटभर मुखवासाने असे काही होत नाही. रोज मूठभर चघळणाऱ्याला मात्र विचारायला हवे.

याशिवाय सर्दीच्या गोळ्यांतली नाक मोकळे करणारी औषधे, गर्भनिरोधक गोळ्या आणि दारू ही नेहमीची नावे. गुजरातेत राज्य स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. तिचा एक परिणाम असा, की ‘घेता का?’ या प्रश्नाला दवाखान्यात जवळजवळ नेहमी एकच उत्तर मिळते.

इंद्रियांमध्ये पहिला क्रमांक मूत्रपिंडाचा. रक्तदाब मूत्रपिंड बिघडवतो आणि बिघडलेले मूत्रपिंड रक्तदाब वाढवते. आधी कोणते, हे रुग्ण समोर येतो तेव्हा सांगणे कठीण असते. लघवीला फेस, पायावर सूज, वाढलेले क्रिएटिनिन, लघवीतून जाणारे अल्ब्युमिन आणि सोनोग्राफीत आक्रसलेली मूत्रपिंडे या खुणा तालुक्याच्या ठिकाणीही टिपता येतात. मधुमेही रुग्णात तर अल्ब्युमिनची तपासणी दरवर्षी व्हायला हवी. पूर्वी समजूत अशी होती, की मूत्रपिंड फारच मंदावले की थायझाइड जातीच्या लघवीच्या गोळ्या निरुपयोगी ठरतात. २०२१ मधल्या एका चाचणीत मूत्रपिंडविकाराच्या चौथ्या टप्प्यातल्या रुग्णांना क्लोरथॅलिडोन देऊन पाहिले, तेव्हा चोवीस तासांच्या नोंदीतला वरचा आकडा सरासरी ११ ने उतरला. गुजरातेत या आजारांसाठी जुनी आणि नावाजलेली ठिकाणे आहेत: नडियादचे मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल आणि डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी उभी केलेली अहमदाबादची किडनी संस्था.

कधी मूत्रपिंड धड असते, पण त्याला रक्त नेणारी धमनी अरुंद झालेली असते. १९३४ मध्ये क्लीव्हलंडचे हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीला लहानसा चिमटा लावून ती चिंचोळी केली आणि त्यांचा रक्तदाब चढत गेलेला दाखवला. रक्त कमी पोचले की मूत्रपिंडाला वाटते, साऱ्या शरीरातच दाब कमी आहे. ते रेनिन सोडते. त्यातून रक्तवाहिन्या आवळणारे आणि मीठ साठवायला लावणारे संदेश सुटतात. टेल्मिसार्टनच्या गटातली औषधे याच साखळीवर घाव घालतात. दोन्ही बाजूंच्या धमन्या अरुंद असतील तर या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन तीस टक्क्यांहून जास्त उसळते, आणि हीच निदानाची खूण ठरते. सोनोग्राफीत दोन मूत्रपिंडांच्या लांबीत दीड सेंटिमीटरहून अधिक फरक दिसणे, किंवा रात्री अचानक फुप्फुसात पाणी भरून धाप लागणे, याही तशाच खुणा.

उतारवयात, विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, ही धमनी चरबीच्या थराने अरुंद होते. तिच्यात स्टेंट बसवून रक्तदाब बरा होईल ही आशा अनेक वर्षे होती. २००९ ची ॲस्ट्रल आणि २०१४ ची कोरल या दोन मोठ्या चाचण्यांनी ती बरीचशी मावळवली: चांगल्या औषधोपचारापेक्षा स्टेंटने सर्वसाधारण रुग्णाचे अधिक भले झाले नाही. निवडक रुग्णांसाठीच आता तो राखून ठेवतात.

तरुण वयातली गोष्ट निराळी, आणि इथे परदेशी पाठ्यपुस्तके भारतीय डॉक्टरची थोडी दिशाभूल करतात. त्यांत तरुण स्त्रीच्या मूत्रपिंडाची धमनी अरुंद असेल तर पहिले नाव फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेजियाचे असते. भारतात पहिला संशय ताकायासूच्या धमनीदाहाचा घ्यावा लागतो. जपानी नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची विचित्र जाळी वर्णन केली, त्यावरून हे नाव. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंतीला दाह होतो, त्या जाड होतात, अरुंद होतात. जपानात हा आजार बहुतांशी छातीतल्या कमानीला धरतो. भारतात तो पोटातल्या महाधमनीला आणि मूत्रपिंडांच्या धमन्यांना जास्त धरतो, म्हणूनच रक्तदाबाच्या वाटेने समोर येतो. जपानात रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे, भारतात ते तितके एकतर्फी नाही.

हा आजार पट्ट्याला फसवतो. डाव्या दंडाची धमनीच अरुंद झालेली असेल तर त्या हातावर दाब अगदी सामान्य येतो आणि मेंदू-हृदयावरचा खरा दाब दोनशेच्या वर असू शकतो. विशी-तिशीतल्या मुलीला डोकेदुखी, थकवा, बारीक ताप, चालताना पायात किंवा हाताने काम करताना दंडात गोळे येणे अशी लक्षणे असतील तर दोन्ही हात आणि दोन्ही पाय अशा चारही ठिकाणी नाडी पाहून दाब मोजायला हवा. त्याला पट्ट्याशिवाय काही लागत नाही. निदान पक्के करायला सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी वडोदऱ्याला होते. दाह शमवणारी औषधे आधी, आणि दाह शांत झाल्यावरच अरुंद धमनी फुग्याने रुंद करणे, असा क्रम पाळतात. जन्मापासूनच महाधमनी एका जागी आवळलेली असण्याचा दोषही असाच पकडता येतो: हातात दाब जास्त, पायात कमी, जांघेतली नाडी मंद आणि उशिरा लागणारी. त्यावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया स्वीडनमध्ये क्राफोर्ड यांनी १९४४ मध्ये केली.

दुर्दम्य रक्तदाबात सर्वांत जास्त निसटणारे कारण मात्र वेगळेच आहे. प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ॲड्रिनल ग्रंथी असते. तिच्यातून येणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मूत्रपिंडाला सोडियम राखायला आणि पोटॅशियम सोडून द्यायला सांगते. एरवी ग्रंथी रेनिनच्या सांगण्यावरून चालते. काही माणसांत ती कोणाचेच ऐकेनाशी होते आणि शरीरात मीठ पुरेसे असतानाही अल्डोस्टेरॉन ओतत राहते. लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्प्सन आणि जेम्स टेट यांच्या कामातून १९५३ मध्ये हे संप्रेरक वेगळे झाले. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठातल्या जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक स्त्री आली. तिला अनेक वर्षे स्नायूंची अशक्तता, पेटके आणि उच्च रक्तदाब होता, आणि रक्तातले पोटॅशियम फार खाली होते. ग्रंथी बेलगाम झाली असावी हा कॉन यांचा तर्क शस्त्रक्रियेत खरा ठरला. ॲड्रिनलवरची गाठ काढल्यावर ती सुधारली.

कॉन यांच्या रुग्णामुळे एक गैरसमजही रुजला. पोटॅशियम कमी असेल तरच हा आजार शोधायचा, असे डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक रुग्णांत पोटॅशियम सामान्य असते. शिवाय पोटॅशियमचा अहवाल सहज चुकतो: दंडावर बांधलेली पट्टी फार वेळ राहिली, रुग्णाने मूठ आवळत-सोडत ठेवली, किंवा नमुना गाडीत हिंदकळत गेला, की पेशींतले पोटॅशियम बाहेर येते आणि कमी असलेला आकडा सामान्य दिसतो. काळजीपूर्वक शोधले तर दुर्दम्य रक्तदाबाच्या साधारण पाचांतल्या एका रुग्णात अल्डोस्टेरॉनचा अतिरेक सापडतो. शोधण्याचे आणखी एक कारण आहे: तितकाच रक्तदाब असलेल्या इतरांपेक्षा या रुग्णांत पक्षाघात, हृदयाची अनियमित लय आणि हृदयविकार जास्त होतात, कारण अल्डोस्टेरॉन हृदय आणि धमन्यांना थेटही इजा करते. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२५ मध्ये उच्च रक्तदाबाच्या सर्वच रुग्णांची एकदा ही तपासणी करावी असे सुचवले.

तपासणी एका रक्तनमुन्याची आहे. त्यात अल्डोस्टेरॉन आणि रेनिन दोन्ही मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. अल्डोस्टेरॉन चढे आणि रेनिन दबलेले, तर संशय बळावतो. रुग्णाने सकाळी उठून दोन तास हिंडून-फिरून मग थोडे बसावे आणि रक्त द्यावे. पोटॅशियम कमी असेल तर आधी भरून काढावे. अल्डोस्टेरॉनला रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून ते बहुधा चार आठवडे थांबवावे लागते. करजणमध्ये घेतलेला नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत जातो तेव्हा एक साधी चूक होऊ शकते. काळजी म्हणून तो बर्फाच्या पेटीत ठेवला, तर थंडीने नमुन्यातले सुप्त रेनिन जागे होते, रेनिनचा आकडा खोटा वाढतो आणि खरा रुग्ण निरोगी ठरतो. वेगळे करून गोठवेपर्यंत नमुना खोलीच्या तापमानालाच ठेवायचा असतो.

पुढची पायरी सीटी स्कॅनची. पस्तिशीनंतर ॲड्रिनलवर निरुपद्रवी गाठी पुष्कळांना असतात, म्हणून गाठ दिसली एवढ्यावर शस्त्रक्रिया करत नाहीत. दोन्ही ग्रंथींच्या नीलांमधून वेगवेगळे रक्त घेऊन अतिरेक कोणत्या बाजूचा ते ठरवावे लागते. हे कसबाचे काम मोजक्याच केंद्रांत होते. एका बाजूचा असेल तर ती ग्रंथी दुर्बिणीने काढतात, दोन्ही बाजूंचा असेल तर स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन आयुष्यभर.

झोपेचे कारण घरच्या माणसांकडून कळते. जोरात घोरणारा माणूस मध्येच गप्प होतो, श्वास थांबतो, मग धडपडून पुन्हा घेतला जातो. रात्रीतून असे शेकडो वेळा. दर वेळी रक्तातला प्राणवायू घसरतो आणि शरीर धोक्याच्या वेळची संप्रेरके सोडते. रात्री उतरायला हवा तो दाब उतरत नाही. दुर्दम्य रक्तदाबाच्या निम्म्याहून जास्त रुग्णांत हा विकार आढळतो. रुग्ण जाडच असेल असे नाही. लहान जबडा आणि आखूड मान असलेला सडपातळ माणूसही त्यात सापडतो. नाकावाटे दाबाने हवा देणारे यंत्र ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पुढे आणले. त्याने दिवसाची पेंग जाते, महामार्गावर गाडी चालवणाऱ्यासाठी तेवढेही पुष्कळ. रक्तदाब मात्र सरासरी थोडाच, दोन-तीन अंकांनी उतरतो.

उरलेली कारणे दुर्मीळ. थायरॉइड मंदावली तर खालचा आकडा वाढतो, चपळ झाली तर वरचा. टीएसएचची तपासणी स्वस्त आहे, तेव्हा ती करून मोकळे व्हावे. शरीरच जादा कॉर्टिसॉल बनवत असेल तर पुड्यांच्या प्रकरणातलीच लक्षणे दिसतात, मात्र पुडी न घेता. फिओक्रोमोसायटोमा ही ॲड्रिनलच्या गाभ्यातली गाठ हजार रक्तदाबवाल्यांत जेमतेम दोन ते सहांना असते, पण ती विसरून चालत नाही. अचानक धडधड, घामाघूम, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, चेहरा पांढराफटक आणि दाब दोनशेपार; अर्ध्या तासाने सगळे शांत. पुष्कळदा याला भीतीचा झटका किंवा अंगात येणे समजले जाते. रक्तातल्या किंवा लघवीतल्या मेटानेफ्रिनची तपासणी तिचा छडा लावते. धडधडीसाठी आधी एकटे बीटा ब्लॉकर दिले तर दाब भयंकर उसळू शकतो. अल्फा ब्लॉकर आधी, हा नियम शस्त्रक्रियेपूर्वी काटेकोर पाळतात. लोझानमध्ये रू यांनी १९२६ मध्ये आणि पाठोपाठ अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी ही गाठ पहिल्यांदा काढली, तेव्हा ती काय आहे हे दोघांनाही आधी माहीत नव्हते.

कोणाचा शोध अधिक नेटाने घ्यायचा, याच्या खुणा ठरलेल्या आहेत. तिशीच्या आत रक्तदाब सुरू झालेला, वर्षानुवर्षे काबूत असलेला दाब अचानक सुटलेला, पोटॅशियम कमी, झटके येणारे, जवळच्या नात्यात लहान वयात पक्षाघात झालेला. क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, टीएसएच, लघवीतले अल्ब्युमिन, ईसीजी आणि सोनोग्राफी एवढ्यावर तालुक्याच्या पातळीवरची चाळणी पुरी होते.

कारण सापडलेच नाही, तरी चौथे औषध कोणते याचे उत्तर आता बऱ्यापैकी ठरले आहे. २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या पाथवे-२ या चाचणीत तीन औषधांवर असलेल्या रुग्णांना स्पायरोनोलॅक्टोन, बिसोप्रोलॉल, डॉक्साझोसिन आणि खोटी गोळी असे आळीपाळीने बारा-बारा आठवडे दिले. खोट्या गोळीपेक्षा स्पायरोनोलॅक्टोनने वरचा आकडा सरासरी ८.७ ने जास्त उतरला आणि बाकी दोन्ही मागे पडली. ते जुने आणि स्वस्त आहे. मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम धोकादायक वाढू शकते, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत रक्त तपासावे लागते; काही पुरुषांच्या छातीत गाठ येऊन दुखू लागते, तेव्हा एप्लेरेनोन देतात. मूत्रपिंडाच्या धमनीभोवतीच्या मज्जातंतूंना उष्णतेने किंवा ध्वनिलहरींनी निष्क्रिय करण्याच्या उपचाराला २०१४ च्या चाचणीत अपयश आले होते. सुधारित साधनांना अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्यता मिळाली. त्यानेही आकडा माफकच उतरतो आणि गोळ्या सहसा सुटत नाहीत.

कारण सापडून ते काढून टाकल्यावरही रक्तदाब प्रत्येकाचा पूर्ववत होत नाही. अल्डोस्टेरॉनचा अतिरेक करणारी ग्रंथी काढलेल्या रुग्णांचे २०१७ मध्ये अनेक देशांतून एकत्र केलेले निकाल पाहिले, तर शंभरांतल्या ९४ जणांचे संप्रेरक ठिकाणावर आले, पण गोळ्यांशिवाय दाब सामान्य राहिला तो ३७ जणांचा. आणखी ४७ जणांना कमी गोळ्या पुरू लागल्या किंवा तेवढ्याच गोळ्यांत आकडा उतरला. पूर्ण बरे होणाऱ्यांत तरुण आणि स्त्रिया अधिक होत्या. ज्यांच्या धमन्या वर्षानुवर्षांच्या दाबाने ताठ झाल्या होत्या, त्यांना ग्रंथी काढल्यावरही गोळी चालूच ठेवावी लागली.